विहिरीतला पोहणारा समुद्रात उतरतो तेव्हा

जालना जिल्ह्याला समुद्र नाही. दक्षिणेला गोदावरी, मधून कुंडलिका आणि दुधना, शहराच्या पाण्यासाठी घाणेवाडीचा तलाव, अंबड-घनसावंगीच्या बाजूला पैठणचा डावा कालवा, आणि बाकी सगळा भरवसा विहिरींवर. मालवणला जायचं म्हटलं तर रात्रभर गाडी पळवून वर सकाळही खर्ची पडते. तरी आमच्या घरात सध्या समुद्रावरून वाद पेटला आहे. माझी धाकटी बहीण पुण्यात नोकरी करते. तिनं स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन बुडी मारण्याचा, ओपन वॉटर कोर्स केला : थिअरी ऑनलाइन, पूलचे धडे पुण्यात आणि शेवटच्या चार डाइव्ह मालवणच्या समुद्रात. आता मामांच्या मुलाला, इंजिनिअरिंगला असलेल्या आमच्या मामेभावाला, तेच करायचं आहे. मामा अंबड तालुक्यातले, मोसंबीचे बागायतदार. गावातली निम्मी पोरं त्यांनी पाठीला डबा बांधून विहिरीत सोडली आणि पोहायला शिकवली. त्यांचा विरोध आहे, आणि तो नुसता भीतीपोटी नाही. मामा आणि बहीण या दोघांचं बोलणं मी ऐकलं तसं इथं मांडतो. जिथं राहवलं नाही तिथं माझंही मत घातलं आहे.

मामा : मला एक सांग पोरी. आपलं पोरगं भरल्या विहिरीचा तळ आणतं. सात परस विहीर आहे, वर आल्यावर मूठ उघडून गाळ दाखवतं. त्याला पोहायला शिकवायला एवढे दिवस आणि एवढा पैसा कामून घालायचा?

भाची : पोहायला तिथं कुणी शिकवतच नाही, मामा. पोहता येतं का, एवढं बघतात. न थांबता 200 मीटर पोहायचं, कसंही, आणि 10 मिनिटं तरंगत राहायचं. तो हसत हसत करील.

मामा : मग झालं की.

भाची : खरं काम त्यानंतर सुरू होतं. विहिरीत बुडी घेण्याआधी तुम्ही काय करता?

मामा : छाती भरून घेतो.

भाची : आणि खाली गेल्यावर?

मामा : दम धरतो. ज्याचा दम मोठा त्याची बुडी मोठी. ह्यात विचारण्यासारखं काय आहे?

भाची : स्कूबाचा पहिला नियमच असा आहे की पाण्याखाली श्वास रोखायचा नाही. कधीच नाही. मास्क निघाला, ठसका लागला, घाबरलात, काहीही झालं तरी श्वास चालू पाहिजे. घ्यायला हवा नसेल तर बारीक बुडबुडे सोडत राहायचे, पण छाती बंद करायची नाही.

मामा : हे उलटंच झालं. आम्ही जन्मभर पोरांना सांगत आलो की तोंड मीट, दम धर.

भाची : तुमचं बरोबर आहे, कारण तुमच्या बुडीत छातीतली हवा वरून नेलेली असते. खाली जाताना पाण्याच्या दाबानं ती आकसते, वर येताना होती तेवढी होते. जास्त होत नाही. सिलिंडरमधून घेतलेला श्वास मात्र त्या खोलीच्या दाबाचा असतो. समुद्रात दर 10 मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणजे 10 मीटरवर वरच्या दुप्पट. तिथं छाती गच्च भरून घेतली आणि तोंड मिटून वर आलो, तर तीच हवा पृष्ठभागापर्यंत दुप्पट व्हायला बघते. फुप्फुसांना तेवढी जागा नाही. ती फाटतात.

मामा : 10 मीटर म्हणजे आपली विहीरच की. 18-20 मीटरवरून येणाऱ्याला जास्त धोका असेल, त्याचं काय एवढं?

भाची : नाही, इथंच सगळे फसतात. 20 वरून 10 वर येताना हवा दीडपट होते. 10 वरून वर येताना दुप्पट. सगळ्यात मोठा फरक शेवटच्या टप्प्यात आहे, जिथं माणसाला वाटतं की आता पोचलोच. गच्च भरल्या छातीनं दीड मीटर वर येणंसुद्धा इजा व्हायला पुरतं. म्हणून म्हणते, त्याचा मोठा दम तिथं नुसता निरुपयोगी नाही, तो त्याच्या जिवावर बेतू शकतो. अडचण आली की त्याचं अंग जी गोष्ट आपोआप करील, नेमकी तीच तिथं करायची नाही.

मामा यावर बराच वेळ बोलले नाहीत. मला विचाराल तर या कोर्सच्या समुद्रातल्या डाइव्ह याचसाठी असतात. पूलमध्ये हे सगळं आधी शिकवलेलं असतं, पण पूलमध्ये घाबरलेला माणूस उभा राहतो आणि डोकं बाहेर काढतो. समुद्रात उभं राहून डोकं बाहेर येत नाही. शिकलेलं अंगात मुरलं आहे की नाही, ते तिथं कळतं. ज्यांना वाटतं की चार डाइव्ह म्हणजे चार सहली, त्यांनी आधीच मनाची तयारी करावी. त्या चार तासिका आहेत आणि त्यातला बराच वेळ वाळूवर गुडघे टेकून किंवा तळाच्या थोडं वर स्थिर राहून, समोरच्या इन्स्ट्रक्टरकडं बघण्यात जातो.

मामा : बरं, मग खाली नेऊन करून घेतात तरी काय?

भाची : पूलमधलंच सगळं, एकेक करून. मास्कमध्ये अर्ध्यापर्यंत पाणी घ्यायचं, मान वर करायची, मास्कची वरची कड दाबायची आणि नाकानं हवा सोडून पाणी बाहेर काढायचं. मग मास्क पूर्ण काढून परत घालायचा. श्वास घ्यायचा तोंडातला रेग्युलेटर काढून सोडून द्यायचा, उजवा हात मागून फिरवून शोधायचा. जोडीदाराला खूण करायची की माझी हवा संपली, आणि त्याच्या जादा रेग्युलेटरवर श्वास घेत दोघांनी मिळून वर यायचं. होकायंत्र धरून सरळ जायचं आणि त्याच रेषेत परतायचं. हातपाय न हलवता, फक्त श्वासाच्या बळावर पाण्यात लटकून राहायचं.

मामा : मास्क काढायची भीती आपल्या पोराला नाही. विहिरीत कुणाच्या डोळ्याला काच होती? उघड्या डोळ्यांनी तळाची कळशी काढतं ते.

भाची : तिथं तो शहरातल्या मुलांच्या पुढं असेल, मी मान्य करते. आमच्या गटातल्या दोघी डोळ्यांत पाणी आलं म्हणूनच गडबडल्या. पण त्याच्यासाठी दुसरी मेख आहे. मास्क नसताना नाक पाण्यात उघडं असतं आणि श्वास तोंडानं चालू ठेवायचा असतो. विहिरीत नाकात पाणी असताना त्यानं कधी श्वास घेतलेलाच नाही. सवयीनं नाकानं ओढला की ठसका, आणि ठसका लागला की वर पळायची घाई. समुद्राचं पाणी घशात गेलं की विहिरीच्या पाण्यासारखं गोड लागत नाही.

मामा : आणि वर पळाला तर?

भाची : त्याचाही धडा आहे. हवा संपली आहे आणि जोडीदार लांब आहे, असं धरून सहा ते नऊ मीटरवरून एका श्वासात वर यायचं. रेग्युलेटर तोंडातच. एक हात वर, नजर वर आणि पूर्ण वेळ ‘आऽऽऽ’ असा आवाज. आवाज चालू म्हणजे हवा बाहेर जाते आहे. इन्स्ट्रक्टर शेजारी असतो, त्याचा एक हात आपल्या जाकिटावर आणि दुसरा वर गेलेल्या दोरावर. आवाज बंद झाला की तो आपल्याला तिथल्या तिथं थांबवतो. मला करण्याआधी वाटलं होतं की अर्ध्या वाटेतच हवा संपेल. संपत नाही. वर येऊ तसतशी छातीतली हवा फुगत जाते, आपण आवाज करत राहतो आणि हवा पुरून उरते. पुस्तकात वाचलेलं त्या वेळी छातीत कळलं.

मामांनी बसल्या जागी ‘आऽऽऽ’ करून बघितलं. मग त्यांनी दुसरी बाजू लावली, आणि ती त्यांची जास्त भक्कम होती.

मामा : गावची ट्रिप गेली होती मालवणला. थोडक्या पैशात सगळ्यांना समुद्राचा तळ दाखवून आणला. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्यालाही नेलं. व्हिडिओ आहेत फोनमध्ये. तळ दहा मिनिटांत दिसतो, तर तुझं हे चार दिवसांचं सर्टिफिकेट कशाला?

भाची : त्या व्हिडिओत म्हाताऱ्याच्या पाठीमागं कोण आहे, ते बघा.

मामा : तिथला माणूस आहे. टाकी धरून.

भाची : तोच सगळं करतो. वर न्यायचं, खाली न्यायचं, हवा किती उरली ते बघायचं. म्हाताऱ्याचं काम फक्त श्वास घ्यायचं. त्यात वाईट काही नाही, समुद्राची ओळख होते आणि मालवणातल्या कित्येक घरांना त्यावर रोजगार मिळाला आहे. पण तो अनुभव झाला, शिक्षण नव्हे. कोर्समध्ये मला पाठीमागून कुणी धरलेलं नसतं. माझी हवा मी बघते आणि जोडीदाराची विचारते. सिलिंडर साधारण 200 बार दाबाला भरलेलं असतं, 50 बार उरलेले असताना होडीत परतायचं. खोल गेलं की हवा भराभर संपते, कारण दुप्पट दाबाला प्रत्येक श्वास दुप्पट हवा खातो. हे गणित डोक्यात ठेवून परत कधी फिरायचं, ते ठरवायचं. त्या व्हिडिओतली एक गोष्ट मात्र मला अजिबात आवडली नाही. माशांना पाव टाकत होते. कॅमेऱ्यासमोर मासे जमावेत म्हणून त्यांच्या पोटात पाव घालणं बंद झालं पाहिजे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचं ते पाणी 1987 पासून सागरी अभयारण्य आहे.

मामा : अभयारण्य आहे तर दिसलं काय तुला? फोटोत नुसतं हिरवं दिसतंय.

भाची : हिरवंच होतं. मालवणचं पाणी अंदमानसारखं नाही. कधी तीन मीटर पुढचं दिसतं, चांगल्या दिवशी आठ-दहा. पावसाळ्यात डायव्हिंग बंदच असतं, ऑक्टोबरपासून पुढं सुरू होतं, आणि वारं फिरलं की आदल्या दिवशीचं स्वच्छ पाणी दुसऱ्या दिवशी गढूळ. पहिल्या डाइव्हला तर मी मासे बघितलेच नाहीत. इन्स्ट्रक्टरचे हात, माझा हवेचा गेज आणि जोडीदाराचे फिन, एवढंच दिसलं. तिसऱ्या डाइव्हला जरा सवड मिळाली तेव्हा खडपाच्या फटीतून शेवंडीच्या मिशा बाहेर आलेल्या दिसल्या, प्रवाळाच्या कडेनं पोपट मासे खरवडत चालले होते, आणि एक गोबरा मासा जागचा हलेना. इन्स्ट्रक्टरनं दाखवला म्हणून दिसला, नाहीतर मी त्याला दगडच समजले असते.

मामा : तेवढ्यासाठी?

भाची : नाही. आणि तुमचं एक ऋण सांगते. पुण्याच्या पूलमध्ये ज्यांनी सगळं बिनचूक केलं होतं, ते हिरव्या पाण्यात उतरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत गांगरले. खाली तळ दिसत नाही, वर होडी दिसत नाही. एकानं तर उतरायच्या दोरालाच मिठी मारली. मला काही वाटलं नाही. तळ न दिसणाऱ्या पाण्यात मी लहानपणी तुमच्याच विहिरीत उड्या मारल्या आहेत. निळ्या फरशीच्या पूलमध्ये शिकलेल्यांना ते मिळालेलं नसतं.

मामांचा चेहरा खुलला. पण लगेच त्यांनी विहिरींचा विषय काढला, आणि तो खरोखर काळजीचा आहे. 2012-13 च्या दुष्काळात विहिरी कोरड्या पडल्या, मोसंबीच्या बागा जळाल्या, त्यानंतर ज्यानं त्यानं बोअर घेतलं. बोअरमध्ये पोहता येत नाही. मामांच्या म्हणण्याप्रमाणे गावातली आताची दहा-बारा वर्षांची पोरं पाण्याला भितात, कारण त्यांना उतरायला पाणीच राहिलेलं नाही. ज्या पिढीला विहीर लाभली तिनं समुद्राचा विचार करावा, असं मला वाटलं ते हे ऐकूनच.

भाची : सिंधुदुर्ग किल्ल्यात तुम्हाला आवडेल असं काहीतरी आहे. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव. 1664 साली शिवाजी महाराजांनी त्या बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा तिथं पिण्याचं पाणी मिळणं मोठी गोष्ट होती.

मामा : ते बघायला मी येईन. पण पोहायला नाही. बरं, समुद्राचं पाणी जड असतं म्हणतात, बुडायला त्रास होतो का?

भाची : होतो, बुडत नाही म्हणून. मिठाच्या पाण्यात माणूस जास्त तरंगतो. पूलमध्ये कमरेला जेवढं शिसं पुरलं, त्यापेक्षा समुद्रात दोन-तीन किलो जास्त लागतं. पहिल्या सकाळी अर्धा वेळ त्यातच गेला, शिसं कमी पडल्यानं आम्ही वरच बुचासारखे तरंगत होतो. त्याशिवाय होडी डुलते, डिझेलचा वास येतो, उन्हात सगळं सामान अंगावर चढवून बसायचं. ज्याला एसटीत घाटात मळमळतं त्यानं डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी. पाण्यात गेलं की बरं वाटतं.

मामा : सामानावर विसंबायचं म्हणजे मला पटत नाही. विहिरीत माझं अंग माझं आहे. तिथं टाकी, नळी, पट्टे. एक वॉशर गेला की?

भाची : तुम्ही जुन्या विहिरीत गाळ काढायला माणूस उतरवण्याआधी काय करता?

मामा : कंदील सोडतो. विझला तर कुणाला उतरू देत नाही. खाली घाण हवा साचलेली असती. डिझेल इंजिन आत ठेवलेल्या विहिरीत तर लय वाईट. माणसं गेली आहेत अशी.

भाची : तीच पद्धत आहे. पाण्यात शिरण्याआधी जोडीदार एकमेकांचं सामान हात लावून तपासतात. जाकिटात हवा भरते का, सुटते का. शिशाचा पट्टा ओढला की लगेच सुटेल असाच बांधला आहे ना. सगळे बक्कल. मग रेग्युलेटर तोंडात धरून दोन-चार श्वास घ्यायचे आणि त्याच वेळी गेजच्या काट्याकडं बघायचं. श्वास घेताना काटा खाली उतरून परत चढत असेल, तर सिलिंडरची तोटी नीट उघडलेली नाही. वर हे लक्षात येतं, खाली गेल्यावर ती अर्धी उघडी तोटी जीव खाते. आणि हवेला वास आला तर ते सिलिंडर परत करायचं, कुणी कितीही म्हणो. कॉम्प्रेसरनं इंजिनचा धूर ओढला असेल तर तो सिलिंडरमध्ये जातो. म्हणजे तुमची घाण हवाच.

मामा : हे मात्र पटलं. आणि कानाचं? तळ आणताना कान दुखतो, आपण दाबून खाली जातो, मग एक ठक वाजतं आणि सुटतं. पोरालाही तेच शिकवलंय.

भाची : मामा, त्या ‘ठक’नंच तुमचा उजवा कान गेला असेल. दुखेपर्यंत थांबायचंच नाही. नाक चिमटीत धरून हलकं फुंकायचं, दर मीटरला, दुखायच्या आधी. नाही सुटला तर मीटरभर वर यायचं, परत करायचं. तरी नाही सुटला तर ती डाइव्ह तिथं संपली. सर्दी असेल तर उतरायचंच नाही. तो जोर लावून खाली जाईल, ही मला श्वासाखालोखाल दुसरी भीती वाटते.

इथवर मामा निम्मे वळले होते. खरी गाठ अडली ती कागदावर.

भाची : एक मेडिकल फॉर्म असतो. हृदय, फुप्फुसं, कान, फिट, ऑपरेशन, चालू औषधं, सगळं विचारतात. काही उत्तरांना ‘हो’ आलं की डॉक्टरांची सही लागते. त्याला लहानपणी दमा होता ना?

मामा : होता. पंप बंद होऊन लय वर्षं झाली. तिथं ‘नाही’ लिहायचं. उगीच कुणाच्या डोक्याला ताप नको.

भाची : तसं लिहिलंत तर मी त्याला सोबत नेणार नाही.

मामा : अगं, मोसंबीची पोती अंगावर वाहतो तो. दमेकरी वाटतो का तुला?

भाची : वाटायचा प्रश्न नाही. दम्यात श्वासनलिका आवळतात. फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यातली हवा आत जाते आणि बाहेर यायला अडते. जमिनीवर तेवढ्यानं धाप लागते. 10 मीटरवरून वर येताना ती अडकलेली हवा दुप्पट व्हायला बघते. मगाशी सांगितलं ते सगळं त्याच्या बाबतीत, तो श्वास सोडत असतानाही होऊ शकतं. त्यात सिलिंडरची हवा कोरडी असते, वर लाटांशी झटावं लागतं, खारं पाणी घशात जातं. झोपलेला दमा जागा करायला एवढं बस्स आहे. लहानपणी दमा होता म्हणून कायमची बंदी असते, असं नाही. डॉक्टर फुंकर मारायला लावून फुप्फुसं तपासतात, पळवून दमवून परत तपासतात, आणि ठीक असेल तर सही देतात.

मामा : आणि नाही म्हणाले तर?

भाची : तर नाही.

मामा : लिहून तर ते घेतातच की, काही झालं तर आम्ही जबाबदार नाही म्हणून. मग आपण खरं लिहून काय मिळवलं?

भाची : तो कागद वेगळा, तोही वाचूनच सही करावी. पण मेडिकल फॉर्म त्यांच्यासाठी नाही, इन्स्ट्रक्टरनं आपल्याशी कसं वागावं यासाठी आहे. त्याला खोटं सांगितलं तर तो चुकीच्या माणसाला घेऊन खाली गेला.

मी इथं पूर्णपणे बहिणीच्या बाजूनं आहे. आपल्याकडं फॉर्म म्हणजे वाटेतला अडथळा, तो कसातरी ओलांडायचा, अशी समजूत घट्ट आहे. विम्याच्या कागदावर, शाळेच्या सहलीच्या संमतीपत्रावर, यात्रा कंपनीच्या अर्जावर आपण बीपी, साखर, दमा सर्रास लपवतो आणि बहुतेक वेळा निभावून जातं. पाण्याच्या दाबाला मात्र आपला आव कळत नाही.

मामांनी विषय सोडला नाही, फक्त वळवला.

मामा : माझा एक नियम आहे. ओळखीच्या पाण्यातच उतरावं. मी कालव्यात पोरांना उतरू देत नाही, विहिरीतला कितीही तरबेज असला तरी. वाहतं पाणी वेगळं. समुद्र तर आपल्या सात पिढ्यांनी बघितला नाही.

भाची : कार्डही तेच सांगतं. हे सर्टिफिकेट 18 मीटरपर्यंतचं, आणि शिकताना जसं पाणी होतं तशाच किंवा त्याहून सोप्या पाण्यात, जोडीदाराबरोबर उतरण्याचं. पहिल्या दोन डाइव्हमध्ये 12 मीटरच्या खाली नेत नाहीत. चार डाइव्ह एका दिवसात उरकता येत नाहीत, किमान दोन दिवस लागतात. कुणी सकाळी सुरू करून संध्याकाळी कार्ड देतो म्हणाला तर तिथून परत फिरावं. आणि नव्या ठिकाणी गेलं की तिथल्या माणसाबरोबर पहिली डाइव्ह करावी. मालवणात शिकलेल्यानं मुरुडेश्वरच्या नेत्राणीला किंवा अंदमानला गेल्यावर आपल्याला सगळं येतं असं समजू नये.

मामा : आणि भीती वाटली तर? पोरांसमोर पोरं ‘नको’ म्हणत नाहीत. आमच्या विहिरीवर ज्यानं ‘नको’ म्हटलं त्याला उन्हाळाभर चिडवतात.

भाची : हे तुम्ही अगदी खरं बोललात. नियम असा आहे की कुणीही, कधीही, कारण न सांगता डाइव्ह थांबवू शकतो. अंगठा वर केला की त्याचा अर्थ ‘वर चला’ असा होतो आणि सगळ्यांनी वर यायचं. कुणी का म्हणून विचारत नाही. पण नियम असून भागत नाही, अंगठा वर करायला धीर लागतो. आमच्यातल्या एका मुलानं कान सुटत नसताना तो केला नाही, आणि वर आल्यावर नाकातून रक्त आलं. तुम्ही त्याला एवढं एक सांगून पाठवा, की अंगठा वर करून आलास तर मला जास्त आवडेल. माझ्यापेक्षा तुमचं ऐकेल तो.

मामा : सांगतो. पण शिकवणारा कसा आहे, हे कसं ओळखायचं?

भाची : एकाकडं किती शिकाऊ असतात, ते विचारायचं. आठ ही वरची मर्यादा आहे. मालवणच्या गढूळ पाण्यात मी चारांपेक्षा जास्त असतील तिथं जाणार नाही. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबाची संस्था आहे, तिथं डायव्हिंगसाठीच बांधलेला खोल तलाव आहे. म्हणजे पूल आणि समुद्र एकाच ठिकाणी होतं. होडीवर ऑक्सिजन आहे का, आणि दाबाचा आजार झाला तर उपचाराचं चेंबर सगळ्यात जवळचं कुठं, हे दोन प्रश्न कुठंही विचारायचे. जो वैतागतो त्याच्याकडं शिकायचं नाही.

मामा : दाबाचा आजार म्हणजे?

भाची : खाली असताना हवेतला नायट्रोजन रक्तात मुरतो. सावकाश वर आलं तर तो श्वासावाटे निघून जातो, घाईनं आलं तर अंगात बुडबुडे होतात. सांधे दुखतात, हातपाय बधिर होतात. म्हणून मिनिटाला नऊ मीटरपेक्षा वेगानं वर यायचं नाही आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. ते थांबणं मला सगळ्यात आवडलं, कारण तिथं काही करायचं नसतं. घाटावरच्या आपल्या लोकांसाठी यात एक जादा गोष्ट आहे. शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायचं तर किमान 18 तास जाऊ देतात, कारण उंचीवर हवेचा दाब कमी होतो. आंबोलीचा घाट सातशे मीटरच्या आसपास जातो. दुपारी समुद्रातून निघून संध्याकाळी गाडीनं घाट चढायचा, हे आपल्याकडचे लोक सर्रास करतात. ती रात्र मालवणात काढावी आणि दुसऱ्या दिवशी निघावं.

मामा : म्हणजे किल्ल्यातल्या विहिरी बघायला एक दिवस मिळतो.

भाची : मिळतो.

मामा : मग मी येतो बरोबर. पाण्यात नाही, होडीत बसतो. आधी त्याला छातीच्या डॉक्टरांकडं घेऊन जातो. ते नाही म्हणाले तर विषय बंद, परत काढायचा नाही. त्यानंही नाही आणि तूही नाही.

फॉर्म मामांच्या समोर भरला गेला. दम्याच्या रकान्यात ‘हो’ आहे. तपासणी छत्रपती संभाजीनगरला व्हायची आहे आणि तिकिटं त्यानंतर काढायची ठरली आहेत. मराठवाड्यातून या कोर्सला जो कुणी निघेल त्याला माझी एवढीच विनंती आहे : तो मेडिकल फॉर्म आधी मागवून घ्या आणि घरी बसून, घरच्यांसमोर भरा. पैसे भरलेले असताना, रात्रभर प्रवास करून किनाऱ्यावर पोचल्यावर, होडी सुटायची वेळ झालेली असताना तो हातात आला, तर खरं लिहिणं फार अवघड होऊन बसतं.